पाच रुपयांच्या पाकिटापुढे उभं राहून विचारा

प्रति,
मा. अध्यक्ष व लेबलसंबंधी तज्ज्ञ समितीचे सर्व सदस्य,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

माझं बार्शीत किराणा दुकान आहे. वडिलांच्या माघारी ते माझ्या गळ्यात पडलं. त्याआधी मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि सहा वर्षं एका पाहणी कंपनीच्या वतीने, हातात कार्डांचा गठ्ठा घेऊन गावोगाव फिरलो. सहा वर्षं 'काय घ्याल?' हे लोकांच्या तोंडून लिहून घेतलं आणि गेली अकरा वर्षं ते काय घेतात हे गल्ल्यावर बसून बघतोय. दोन्हींत पुष्कळ अंतर आहे. तुमचं पाकिटांवरच्या लेबलांचं काम त्याच अंतरात अडकलंय असं मला वाटतं, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुमच्याच कामाची आधी थोडी उजळणी करतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. सप्टेंबर २०२२ मध्ये तुम्ही मसुदा काढला: पाकिटाच्या दर्शनी बाजूला अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे. ऊर्जा, संपृक्त मेद, साखर, सोडियम यांचे उणे गुण; फळं-भाज्या, दाणे, डाळी, भरडधान्यं, तंतू, प्रथिनं यांचे अधिक गुण; बेरीज-वजाबाकी करून तारे. यामागे आयआयएम अहमदाबादने केलेली पाहणी होती. वीस हजारांवर लोकांपुढे लेबलांचे पाच प्रकार ठेवले गेले आणि तारे ओळखायला, समजायला सोपे वाटतात असं त्यातून पुढे आलं. 'मीठ जास्त', 'साखर जास्त' असं तोंडावर सांगणारं इशाऱ्याचं लेबल मसुद्यात आलं नाही. त्यावर चौदा हजारांवर हरकती-सूचना आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. ती मुदत उलटली, वाढली. माझ्या फळीवरची पाकिटं मात्र होती तशीच आहेत.

'सोपे वाटतात' या शब्दांपाशी मी थांबतो.

तारे सोपे वाटणारच. फ्रिज घ्यायला गेलेला माणूस आधी स्टिकरवरचे तारे मोजतो; जास्त तारे म्हणजे वीजबिल कमी, हे आता आमच्या आडगावातल्या म्हातारीलाही ठाऊक आहे. पण ताऱ्याला एक खोड आहे. तो कधी वाईट बोलत नाही. माझ्या भाच्याला मी कागदावर पाकीट काढून त्यावर दोन तारे रंगवून दाखवले आणि विचारलं, हे खाणं कसं असेल? म्हणाला, "चांगलंय की, दोन मिळालेत." शाळेत बाईंनी वहीवर दिलेला एक स्टार जो घरभर नाचवत फिरतो, त्याच्याकडून दुसऱ्या उत्तराची अपेक्षा तरी कशी करणार? शिवाय बेरीज-वजाबाकीत खरी गोष्ट लपते. शेंगदाणे-डाळं घातलेला खारट चिवडा घ्या. मिठाने गमावलेले गुण दाण्यांनी थोडेफार भरून निघतात. रक्तदाबाच्या माणसाला एवढंच जाणून घ्यायचं असतं की मीठ किती आहे, आणि नेमकं तेच ताऱ्यात दिसत नाही.

आता दुसरी पाहणी. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिथल्या आणि बाहेरच्या संशोधकांनी मिळून सहा राज्यांतल्या २,८६९ प्रौढांवर प्रयोग केला. तो २०२२ मध्येच प्रसिद्ध झाला. कोणाला कुठलं लेबल दाखवायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. कुठलंच पोषण-लेबल न दिसलेल्यांपैकी साधारण ३९ टक्क्यांनी घातक घटक जास्त असलेले सगळे पदार्थ बरोबर ओळखले. इशाऱ्याचं लेबल पाहिलेल्यांत हे प्रमाण ६१ टक्क्यांच्या आसपास गेलं. तारे त्याच्या बरेच मागे राहिले.

इशाऱ्याच्या लेबलाच्या बाजूचे लोक हा आकडा मोठ्या आवाजात सांगतात. मीही त्याच बाजूचा आहे. पण त्याच प्रयोगातली दुसरी ओळही वाचली पाहिजे: 'हा पदार्थ विकत घ्याल का' याच्या उत्तरात कुठल्याच लेबलाने म्हणण्यासारखी घट झाली नाही. लोकांना कळलं, पण घेण्याचा विचार हलला नाही. उलट चिलीने जून २०१६ मध्ये काळी अष्टकोनी लेबलं लावली, बरोबरीने जाहिरातींवर आणि शाळांमधल्या विक्रीवर बंधनं आणली, आणि नंतर घराघरांतल्या खरेदीच्या नोंदी तपासल्या, तर लेबल लागलेल्या गोड पेयांची खरेदी जवळपास २४ टक्क्यांनी उतरलेली दिसली. हे पाहणीतलं उत्तर नव्हतं, पावत्यांवरचा हिशोब होता.

आवडणं, कळणं आणि घेणं ही तीन वेगळी क्रियापदं आहेत. तुम्ही पहिल्याच्या जोरावर मसुदा लिहिलात.

तिसऱ्यापर्यंत पोचायचं तर एक जुनं, कसलेलं हत्यार आहे. आम्ही त्याला फिल्डवर 'कार्डाचा सर्व्हे' म्हणायचो. कागदोपत्री त्याला निवड-प्रयोग म्हणतात. त्यात माणसाला मत विचारत नाहीत. त्याच्यापुढे दोन-तीन वस्तू ठेवतात आणि म्हणतात, यातली एक उचला. बिस्किटाचा पुडा समजा. लेबलाचे पाच प्रकार, किमती तीन, कंपन्या तीन, वजनं तीन: झाले १३५ वेगवेगळे पुडे. त्यातल्या दोन-दोन पुड्यांच्या जोड्या लावायच्या म्हटलं तर नऊ हजारांवर जातात. एवढं कोणी विचारू शकत नाही, म्हणून गणिताने थोड्याच जोड्या अशा निवडायच्या की प्रत्येक गुणाचा परिणाम वेगळा काढता यावा. एका माणसाला आठ-दहा कार्डं दाखवायची, बस्स. हजारभर माणसांच्या निवडींतून मग कळतं की काळा शिक्का टाळण्यासाठी कोण किती रुपये जास्त मोजायला तयार आहे, आणि दोन रुपये स्वस्त झालं तर कोण तोच शिक्का डोळ्याआड करतो.

हे पोकळ पुस्तकी काम नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात बार्ट ही नवी रेल्वे सुरू होणार होती. अधिकृत अंदाज होता की कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक तिने जातील. डॅनियल मॅकफॅडन या अर्थशास्त्रज्ञाने लोक सध्या कसे जातात, त्याला किती वेळ आणि किती पैसे लागतात, यावरून निवडीचं गणित मांडलं आणि ६.३ टक्के हा आकडा काढला. रेल्वे धावू लागल्यावर प्रत्यक्षात निघाले ६.२ टक्के. निवडीच्या या गणितासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. त्यांचं गणित माणसांच्या प्रत्यक्ष वागण्यावर उभं होतं, कार्डांवरच्या निवडींवर नव्हे, हे मुद्दाम सांगतो. पुढे कार्डांनाही तेच गणित लावायला लोक शिकले. कार्डावरची निवड खऱ्या निवडीच्या जितकी जवळ नेता येईल तितकं ते गणित खरं ठरतं.

आणि ती जवळ नेणं किती अवघड असतं हे मी पाहिलंय.

माढा तालुक्यातलं एक गाव. दुपारची वेळ, ओसरीवर एक बाई शेंगा फोडत बसलेल्या. शेजारी सासूबाई, उंबऱ्यात दोन पोरं, आणि मला घर दाखवायला आलेल्या आशाताई तिथेच टेकलेल्या. मी बिस्किटांची कार्डं काढली. बाईंनी पहिल्या कार्डावर आशाताईंकडे एक नजर टाकली आणि तंतुमय, महागडा पुडा निवडला. दुसऱ्यावर तोच. तिसऱ्यावर तोच. पाचव्या कार्डाला त्यांनी चित्राकडे बघणंही सोडलं; किंमत वीस असो की चाळीस, 'ते चांगलंवालं' एवढंच. नवव्या कार्डावर दुसऱ्या क्रमांकाचं कार्ड पुन्हा छापलेलं असतं, माणूस लक्ष देतोय का हे ताडायला. तिथेही उत्तर जुळलं. कागदावर ही बाई आदर्श ग्राहक ठरली. मी दप्तर आवरत असताना धाकट्याने भुणभुण लावली. बाईंनी कमरेची पिशवी सोडली, पाचाचं नाणं काढलं आणि त्याला दुकानात पिटाळलं. माझ्या फॉर्ममध्ये त्या नाण्यासाठी रकाना नव्हता.

बाई खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही. आरोग्याचं विचारायला माणूस आलाय, आरोग्याच्या ताई बसल्यात, तर शहाण्यासारखं उत्तर द्यायचं, ही साधी रीतभात झाली. पाहुण्यापुढे कोणी शिळी भाकरी ठेवतं का? पण तुमच्या अहवालात ती रीतभात 'ग्राहकांचा कल' म्हणून छापली जाते.

भाषेची गंमत तर वेगळीच. दिल्लीहून की कुठून आलेल्या एका प्रश्नावलीत 'संपृक्त मेद' असा शब्द होता. त्यावर एका आजोबांनी मला विचारलं होतं, "मेंदूचं काही आहे का?" 'सोडियम' म्हटलं की लोक दिव्यांबद्दल बोलतात. 'मीठ' म्हटलं की लगेच सांगतात, "डॉक्टरांनी कमी सांगितलंय." जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, म्हणजे एक सपाट चमचा, हे पाकिटावर कुठेच कोणी सांगत नाही. पाकिटावर असतं मिलिग्रॅममधलं सोडियम. ते अडीचने गुणून, हजाराने भागून मीठ काढायचं आणि मग पाकिटाच्या वजनाचं त्रैराशिक मांडायचं. माझ्या दुकानात उधारीच्या वहीची बेरीजसुद्धा लोक मलाच करायला लावतात.

आणखी एक चूक मी जवळजवळ प्रत्येक पाहणीत पाहिली. कार्डावर 'यातलं काहीच नको' असा पर्याय नसायचा. काढून टाकायचं कारण सोपं होतं: तो असला की लोक सटासट तोच निवडतात, मग आकडे कमी पडतात. पण माझ्या गल्ल्यासमोर तो पर्याय कायम उभा असतो. दहा रुपयांत चिप्सचं पाकीट येतं, राजगिऱ्याचे लाडू येतात, आणि समोरच्या गाड्यावरची गरम भजीही येते. सुट्या फरसाणाला, भज्याला, वडापावाला तुमचं लेबल लागणारच नाही. पाकिटावरचा शिक्का बघून बिचकलेलं गिऱ्हाईक राजगिऱ्याकडे वळेल की तळणीकडे, हे ज्या पाहणीत विचारलेलंच नाही, तिच्यावरून देशाच्या आरोग्याचं काय होईल हे कसं सांगणार? दोन पाकिटांत कमी वाईट कोणतं, एवढंच तिच्यातून कळतं.

आता घेणाऱ्याबद्दल. तुमच्या पाहण्यांत अठरा वर्षांपुढची माणसं असतात. माझ्याकडे पाच-दहा रुपयांची पाकिटं नेणारा हात बहुतेक वेळा सात ते बारा वर्षांचा असतो. तो हात पाकिटाचा रंग बघतो, आत काही मिळतंय का बघतो आणि मित्राने काल काय घेतलं ते बघतो. त्यातून लहान पाकिटांना तुमच्याच नियमात सवलत: १०० चौरस सेंटीमीटरपर्यंतच्या पाकिटावर घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता छापायची सक्ती नाही, ती माहिती बाहेरच्या मोठ्या वेष्टनावर असली की झालं. ते मोठं वेष्टन मी सकाळी सुरीने फाडतो आणि संध्याकाळी रद्दीत टाकतो. पोराच्या हातात काय पडतं, ते तुम्हीच बघा.

याउलट हिरवा ठिपका बघा. २००१ सालापासून तो पाकिटांवर आहे. माझ्याकडे निरक्षर गिऱ्हाईकसुद्धा केक हातात घेतला की आधी तो शोधतं, आणि चॉकलेटी त्रिकोण दिसला की पाकीट परत फळीवर. लहान असून चालतो, कारण तो एकच गोष्ट सांगतो आणि त्या गोष्टीची माणसाला आधीपासून फिकीर असते. मिठाची तशी फिकीर अजून नाही. ती लेबलाने येईल की लेबल लागण्याआधी यायला लागेल, हा मला खरोखर पडलेला प्रश्न आहे आणि कार्डांचा सर्व्हे नीट केला तर त्याचं थोडंफार उत्तर मिळू शकतं.

मी स्वतःही एक उद्योग करून बसलोय, तो कबूल करतो. मागच्या वर्षी पंधरा दिवस मी जास्त मिठाच्या पाकिटांवर काळी टिकली चिकटवली. बायकोची टिकल्यांची पानंच्या पानं संपवली. तिसऱ्या दिवसापासून पोरं म्हणायला लागली, "काका, टिकलीवालं द्या, त्यात काहीतरी निघतं." खप वाढला. बायको अजून हसते. संख्याशास्त्राचा माणूस असून मी टिकलीचा अर्थ कुणाला सांगितला नव्हता, बिनटिकलीच्या पंधरवड्याची नोंद ठेवली नव्हती, काही काही नव्हतं. पण एक झालं. इशारा आणि आमिष यांच्यात किती बारीक रेघ असते ते मी गल्ल्यावर बसून शिकलो, आणि खऱ्या दुकानात लावून बघितल्याशिवाय ती रेघ दिसत नाही.

म्हणून पुढची पाहणी कराल तेव्हा ती दुकानात करा. माझ्यासारख्या दुकानात, सुपरमार्केटातच नको. माणसाच्या हातात पन्नास रुपये ठेवा, कार्डं दाखवा, आणि आधीच सांगून ठेवा की शेवटी चिठ्ठी काढून यातलं एक कार्ड खरं होणार: निवडलेलं पाकीट घरी न्यायचं, त्याची किंमत पन्नासातून वजा, उरलेले पैसे तुमचे. स्वतःचे पैसे जायला लागले की रीतभात आपोआप गळते. 'काहीच नको' हा पर्याय ठेवा आणि शेजारी राजगिऱ्याचा लाडू नि भजीही ठेवा. मुलांना विचारा, त्यांच्या आईवडिलांच्या परवानगीने. मराठीतली कार्डं मराठीत विचार करणाऱ्याकडून लिहून घ्या. लेबल पाच रुपयांच्या खऱ्या पाकिटावर, खऱ्या आकारात छापून दाखवा. संगणकाच्या पडद्यावर सगळीच अक्षरं मोठी दिसतात. एका माणसाला दहापेक्षा जास्त कार्डं दाखवू नका, आणि ती दाखवणाऱ्या पोराला फॉर्ममागे पैसे देण्याऐवजी दिवसाचा पगार द्या. फॉर्ममागे पैसे मिळत होते तेव्हा संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसून उरलेले फॉर्म कसे 'पूर्ण' व्हायचे, ते मी इथे लिहीत नाही.

आणि प्रश्नावली, कार्डं, नावगाव काढून टाकलेली उत्तरं, सगळं पाहणी होताच लोकांपुढे ठेवा. पाहणीचा पैसा कुठून आला आणि समितीत कोण बसलंय, तेही. आमच्या व्यापारात तराजू गिऱ्हाइकाच्या समोर ठेवतात.

एका बाबतीत मात्र माझ्या जुन्या धंद्याची बाजू घेणार नाही. निवडीच्या सर्व्हेतून कुठलं लेबल काय घडवतं ते कळेल. सरकारने काय घडवायचं ठरवावं ते त्यातून कळणार नाही. तंबाखूच्या पुड्यांवर २०१६ पासून ८५ टक्के जागा त्या सडलेल्या तोंडांच्या चित्रांना आणि सोबतच्या इशाऱ्याला दिली आहे. ते चित्र कुणाला आवडतं असं विचारून ठरवलं असतं, तर आज पुडीवर गुलाबाचं फूल असतं. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यातले काही माझ्या वहीत आहेत. गोळ्यांचे पैसे द्यायचे म्हणून किराण्याची उधारी पुढे ढकलणारे. लोकांना तारे आवडतात म्हणून आम्ही तारे लावले, हे वाक्य त्यांच्यापुढे उभं राहून म्हणता येईल का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

धंद्याच्या दृष्टीने मी हे पत्र लिहायला नको होतं. पाच-दहाच्या पाकिटांवर माझी रोजची वीजबत्ती भागते, आणि काळे शिक्के लागले आणि ते चालले तर माझंच नुकसान आहे. चिलीतल्या दुकानदारांनी काय केलं असेल याचा मी अधूनमधून विचार करतो.

तुमच्यापैकी कुणी सोलापूरकडे आलात तर बार्शीला उतरा. शाळा पाच वाजता सुटते. पाच ते सव्वापाच या वेळात माझ्या गल्ल्यामागे नुसते बसून राहा. एक स्टूल रिकामं असतं. कार्डं नका आणू. चहा मी सांगतो.

आपला,
बार्शीतला एक किराणा दुकानदार